सहावी चाल

खरं सांगायचं तर हे लिहून ठेवायचंच नाही, असं वायऱ्यानं जवळजवळ ठरवलं होतं. गोष्ट त्याची स्वतःची, आणि तीत तो काही फार शहाणा दिसत नाही. दोनदा लिहायला बसला, दोनदा उठला. तिसऱ्यांदा बसला तो शब्द दिला होता म्हणून.

वायऱ्या म्हणजे बसडेपोच्या वर्कशॉपमधला वायरिंगवाला. त्याला खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या यादीत वापरलं जायचं. वय चोवीस. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. भंगारात निघालेले लॅपटॉप उघडायचे, जोडायचे, पुन्हा उघडायचे, असं करत करत प्रोग्रॅम लिहायला शिकला. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणी अडवलंही नाही.

त्याचा दोस्त गेज. टायर सेक्शनला. टायरला नुसती लाथ मारून आत हवा किती ते सांगायचा, म्हणून गेज, म्हणजे हवेचा मीटर. सुरुवातीला लोक मीटर लावून खात्री करायचे. नंतर मीटर बिघडलाय का हे बघायला गेजला बोलवायचे.

आणि नुसती हवाच नाही. झिजलेला टायर हातात आला की त्यावरून बोटं फिरवायचा आणि म्हणायचा, "हा जो कोण ड्रायव्हर आहे ना, वळणावर घाई करतो आणि मग उगाच ब्रेक दाबतो. घरी भांडून येत असणार." ड्रायव्हर समोरच उभा असला तर कानापर्यंत लाल व्हायचा.

तर या वर्कशॉपात चार वाजताच्या चहाला एक खेळ चालायचा. त्याला सगळे 'उड्या' म्हणायचे. खोक्याच्या झाकणावर काळे-पांढरे चौकोन रंगवलेले, एका बाजूला नट, दुसऱ्या बाजूला वॉशर. तिरकं सरकायचं, समोरच्यावरून उडी मारून त्याला उचलायचं. पलीकडच्या टोकाला पोचला की तो राजा, मग उलटंही फिरू शकतो. एवढाच खेळ.

पण नियम दोन होते आणि ते कडक होते. जो हरेल त्यानं सगळ्यांचे कप धुवायचे, कारण चहा करणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "चहा मी करीन. धुणार मी नाही. घरी काय कमी आहेत?" आणि जो जिंकेल त्यानं खुर्चीवर बसायचं. खुर्ची म्हणजे मोडीत काढलेल्या बसची ड्रायव्हरसीट. खाली स्प्रिंग होती, बसलं की माणूस हलकेच वरखाली व्हायचा. बाकी सगळे टायरांवर.

गेज त्या खुर्चीवर तीन वर्षं बसून होता.

तीन वर्षं! लोक दुसऱ्या डेपोतून त्याला हरवायला यायचे आणि कप धुवून जायचे. आता हा गेज शाळेत दोनदा नापास झालेला. तिसऱ्यांदा बसलाच नाही. घरी सगळे त्याला ढ म्हणायचे, प्रेमानं म्हणायचे, पण म्हणायचेच. वडील तर पाहुण्यांना ओळख करून द्यायचे, "हा थोरला, हुशार आहे. आणि हा धाकटा, कष्टाळू आहे." गेज हसायचा. पण एकदा वायऱ्याला म्हणाला होता, "माझ्या डोक्यात काहीतरी आहे याचा पुरावा काय, तर हे झाकण आणि हे नट."

हे वायऱ्यानं ऐकलं होतं. ऐकून विसरला होता. गोष्टीतली पहिली चूक ती.

त्या सुमारास टायर सेक्शनचे मुकादम निवृत्त व्हायला निघाले होते. त्यांनी स्वतः जाऊन ऑफिसातून कोरा अर्ज आणला आणि गेजच्या हातात ठेवला. "भर. शुक्रवारी पाचला खिडकी बंद होते."

"मी? मुकादम?"

"मग काय, मी कायमचा बसू इथं? माझे गुडघे बघ."

गेजनं अर्ज भरला. तीन वेळा खाडाखोड केली, पण भरला. सही केली आणि घडी करून खुर्चीच्या गादीखाली ठेवला, चुरगळू नये म्हणून. वर तोच बसणार होता ना.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात वायऱ्यानं डबा आणला.

डबा म्हणजे जुन्या बॅटरीच्या खोक्यात बसवलेला एक लॅपटॉप. त्यात वायऱ्यानं लिहिलेला उड्यांचा प्रोग्रॅम. हा प्रोग्रॅम आठवडाभर घरी स्वतःशीच खेळत होता. हजारो डाव. ज्या चालीनं जिंकला ती लक्षात ठेवायची, जिने हरला ती टाकायची. वायऱ्याला इतका आनंद झाला होता की त्याला कुणाला तरी दाखवायचंच होतं. आणि दाखवायचं तर सगळ्यात भारी माणसाला. त्याच्या मनात याहून जास्त काही नव्हतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

बुधवारी चार वाजता डबा झाकणाच्या पलीकडे ठेवला. डबा स्क्रीनवर चाल दाखवणार, वायऱ्या त्याच्या वतीनं वॉशर सरकवणार.

गेजनं पहिली चाल केली आणि सवयीनं समोर बघितलं. गेजचा खेळ असा होता की तो झाकणाकडे कमी आणि समोरच्याकडे जास्त बघायचा. कुणी कान खाजवला, कुणी कप नुसताच फिरवला, कुणाचा श्वास अडकला, की गेजला कळायचं, याच्या पोटात काय चाललंय. इथं समोर बॅटरीचं खोकं. खोक्याला कान नाहीत. मग त्यानं वायऱ्याकडे बघितलं. पण वायऱ्यालाच पुढची चाल माहीत नव्हती. तो आपला बारशाला आल्यासारखा हसत होता.

वीस मिनिटांत गेजचे नट संपले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक ड्रायव्हर "आयला" म्हणाला. गेज उठला, कप गोळा केले. चौदा कप. मोरीपाशी गेला आणि तिथून त्यानं विचारलं, "मावशी, फडकं कुठं असतं?"

तीन वर्षांत त्याला ते माहीत करून घ्यायची वेळच आली नव्हती.

खुर्चीचं काय करायचं, यावर जरा कुजबुज झाली. नियम तो नियम. शेवटी कुणीतरी डबा उचलून खुर्चीवर ठेवला. डबा हलकेच वरखाली झाला.

गुरुवारी गेज चहाला आलाच नाही. पोटात दुखतंय म्हणून निरोप. टायर सेक्शनमधून मात्र हातोडीचा आवाज येत होता, आणि पोट दुखणारा माणूस इतक्या जोरात हातोडी मारत नाही.

चहाला विषय एकच. डबा हुशार आहे की नाही?

"हुशार कसला," मावशी म्हणाल्या, "माझी किटली उकळली की शिट्टी वाजवते. म्हणून तिला गाणं येतं का?"

"पण मावशी, किटलीनं गेजला हरवलं नाही ना," ड्रायव्हर म्हणाला. "गेजला हरवायला डोकं लागतं. तुम्हीच म्हणायचात."

"तसं नाही," वायऱ्या घाईघाईनं म्हणाला. "त्याला कळत काहीच नाही. मी लिहिलंय ना, मला माहीत आहे. तो फक्त मोजतो. ही चाल केली तर किती उरतील, ती केली तर किती. नुसती मोजामोज."

मुकादमांनी बशीतला चहा संपवला. "अरे, मीही मोजतोच की. आज किती टायर आले, किती गेले, उद्या किती लागतील. चौतीस वर्षं मोजलं आणि लोक मला अनुभवी म्हणतात. मग तुझ्या डब्याला का नाही म्हणायचं?"

खरं तर वायऱ्यालाही अधूनमधून शंका यायची. घरी डबा स्वतःशी खेळत असताना एकदा त्यानं अशी चाल केली होती की वायऱ्याच्या तोंडून आपोआप "वा!" निघालं होतं. ती चाल त्यानं कुठं लिहिलेली नव्हती. मग ती कुणाला सुचली?

"हुशार असेल नाहीतर नसेल," मावशी म्हणाल्या. "पण हरला तर कप धुणार का तो? हात आहेत त्याला?"

सगळे हसले. मुकादम हसले नाहीत. ते वायऱ्याला बाजूला घेऊन गेले आणि खिशातून एक घडी केलेला कागद काढला. खाडाखोड दिसल्याबरोबर वायऱ्यानं तो ओळखला.

"सकाळी आणून दिला मला. म्हणाला, खोक्यानं ज्याला वीस मिनिटांत गुंडाळलं त्याला मुकादम करून डेपोचं हसं करू नका. म्हणाला, घरचे म्हणतात तेच खरं." मुकादमांनी कागद परत खिशात ठेवला. "मी अर्ज करू शकत नाही रे त्याच्या वतीनं. खिडकीवर ज्याचा त्यानं द्यावा लागतो. उद्या पाचपर्यंत. काहीतरी कर. खोकं तूच आणलंस."

वायऱ्या घरी गेला तो पाय ओढत.

ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भाजी निवडत होती. ताई पोस्टाच्या काउंटरवर बसायची, दिवसभर लोकांचे चेहरे वाचायची. वायऱ्यानं डबा टेबलावर ठेवला, उघडला आणि त्या ओळीशी आला, जिथं प्रोग्रॅम सगळ्या चाली मोजून त्यातली सगळ्यात चांगली उचलायचा. तिथं त्यानं एक अट घातली. दर सहाव्या चालीला अधिकच्या जागी उणे. म्हणजे दर सहाव्या चालीला डबा सगळ्यात चांगली नाही, सगळ्यात वाईट चाल करणार.

"काय करतोयस?" ताईनं विचारलं.

त्यानं सांगितलं. सगळंच सांगितलं, खोटं बोलणं त्याला जमत नसे. निदान तोंडानं.

"एवढ्या एका चिन्हानं?"

"एवढ्या एका चिन्हानं. डबा हरतो, गेज खूश होतो, अर्ज जातो. झालं."

"गेजला विचारलंस?"

"त्याला विचारलं तर काय उपयोग, ताई?"

"हं," ताई म्हणाली आणि एक शेंग कचऱ्यात टाकली. "माझ्यासाठी असं कधी केलंस ना, तर बघ."

शुक्रवारी वायऱ्या सकाळीच टायर सेक्शनला गेला.

"चारला डाव. परत."

"मला नाही खेळायचं."

"घाबरलास?"

गेजनं हातोडी खाली ठेवली. घाबरलास म्हटलं की गेज कुठंही जायचा, हे वायऱ्याला शाळेपासून माहीत होतं.

चार वाजता सगळा वर्कशॉप झाकणाभोवती. मावशींनी त्या दिवशी चहा आधीच ओतून ठेवला, मध्ये उठायला नको म्हणून. मुकादम घड्याळाकडे तोंड करून बसले. खुर्ची रिकामी, मधोमध.

डाव सुरू झाला. गेज आज कुणाकडेच बघत नव्हता, नुसता झाकणाकडे. डबा पाच चाली बुधवारसारखाच खेळला, थंड आणि नीट. सहाव्या चालीला त्यानं एक वॉशर सरळ गेजच्या तोंडात दिला.

"अरेच्चा!" ड्रायव्हर ओरडला.

गेजनं उडी मारली, वॉशर उचलला. चेहऱ्यावर काही नाही. पुढच्या पाच चाली डबा पुन्हा कसलेला. बाराव्या चालीला पुन्हा एक वॉशर, आणि या वेळी उडीवर उडी, दोन गेले. लोक टायरांवरून उठून उभे राहिले. मावशी म्हणाल्या, "थकला वाटतं डबा!"

गेजनं मान थोडी वाकडी केली. वायऱ्यानं ती मान ओळखली. गाडी हळूहळू पुढे घेत असताना चाकाला कान लावायचा ना तो, तेव्हा अशीच मान असायची.

तेरा, चौदा, पंधरा. सोळा. सतरा.

अठरावी चाल करायची होती डब्याला. अजून स्क्रीनवर काही आलेलं नव्हतं. आणि गेजनं आपलं बोट उचललं आणि डाव्या बाजूच्या एका चौकोनावर टेकवून ठेवलं. रिकामा चौकोन. तिथं कुणी शहाणं माणूस वॉशर ठेवणारच नाही, असा.

स्क्रीनवर चाल आली. डब्यानं वॉशर तिथंच मागितला होता.

वायऱ्यानं तो सरकवला. गेजनं बोट अलगद बाजूला घेतलं, वॉशरला जागा दिली, आणि मग तो खाल्ला.

आणखी पाच-सहा चालींत डाव संपला. केवढा आरडाओरडा झाला! गेजला उचलून खुर्चीत बसवलं, खुर्ची वरखाली, गेज वरखाली. कुणीतरी डब्यावर टपली मारली. आणि मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "चला, डबेराव. चौदा कप."

"त्याच्या वतीनं मी धुतो," वायऱ्या म्हणाला आणि कप घेऊन पळाला. त्याला तिथून निघायचंच होतं.

मोरीपाशी नळ सोडून तो उभा राहिला. तिसरा कप घासत असताना शेजारी कुणीतरी फडकं घेऊन उभं राहिलं. आता त्याला फडकं कुठं असतं ते माहीत होतं.

गेजनं दोन कप पुसून ठेवले.

"टायरात खिळा घुसला ना," मग तो म्हणाला, "की गाडी हळू चालवायची आणि ऐकायचं. चाकाचा एक फेरा झाला की टक. परत एक फेरा, टक. बाकी टायर एकदम चांगला. फक्त एका जागी खिळा."

वायऱ्यानं कप जास्तच जोरात घासायला घेतला.

"सहाव्याला टक. बाराव्याला टक. मी म्हटलं, डबा थकत बिकत नाही. थकला असता तर कुठंही चुकला असता. हा खिळा आहे. आणि खिळा आपोआप उगवत नाही, कुणीतरी टाकतं." गेजनं कप उपडा ठेवला. "किती वाजता टाकलास?"

"काल. संध्याकाळी. एका ओळीत एक उणे टाकला," वायऱ्या म्हणाला.

"बुधवारी हरलो ना, त्याचं लागलं. नाही म्हणत नाही. पण आज तू मला जिंकवलंस, त्याचं जास्त लागलं रे. घरचे मला ढ म्हणतात ते तोंडावर तरी म्हणतात. तू एक उणे टाकून म्हणालास."

नळ चालू होता. वायऱ्यानं तो बंदही केला नाही. "चुकलं," तो म्हणाला. "माझंच. मला वाटलं अर्ज..."

"मला माहीत आहे तुला काय वाटलं. मुकादम सकाळपासून माझ्याकडे लग्न मोडल्यासारखे बघतायत."

आणि गेजला एकदम हसू फुटलं. असं की हातातला कप निसटता निसटता राहिला. "आज वर्कशॉपात सगळ्यात मठ्ठ चाल कुणी केली सांग. डब्यानं नाही. तूच! सहा सहा मोजून कुणी चुका करतं होय? चुकायचं तर नीट चुकावं, इकडे एक, तिकडे एक. लहान पोरसुद्धा जास्त चांगलं हरतं!"

वायऱ्यालाही हसू यायला लागलं, पण आधी त्यानं विचारून घेतलं. "म्हणजे डबा हुशार आहे असं तुला वाटतं?"

"आहे की. त्या चौकोनांत माझ्यापेक्षा आहे. का नसावा, मोजतो झकास." गेजनं पुढचा कप घेतला. "पण त्याच्याच पोटात खिळा होता आणि त्याला ऐकू आला नाही. मला आला. बोट ठेवलं तेव्हा माझं मलाच बरं वाटलं बघ. दोन दिवसांनी पहिल्यांदा. म्हटलं, अरे, माझ्या डोक्यात जे काही आहे ते झाकणावरचं नव्हतंच कधी. हे तर मी रोज टायरांशी करतो. माणसांशी करतो. त्याला हुशारी म्हणायचं की काय म्हणायचं ते तुम्ही चहाला ठरवा."

दारातून मुकादमांनी डोकं आत घातलं. "पोरांनो, पावणेपाच."

त्यांनी घडी केलेला कागद पुढे धरला. कागदाचा कोपरा खिशात राहून मऊ पडला होता. गेजनं हात पुसले, पण कागद लगेच घेतला नाही.

"देतो अर्ज," तो वायऱ्याला म्हणाला. "आधी शब्द दे. तो उणे काढायचा. सोमवारी खरा डबा आणायचा, पूर्ण ताकदीचा. मी हरीन. कप धुवीन. मुकादमानं कप धुतले म्हणून सेक्शन बंद पडत नाही."

"अजून झाला नाहीस मुकादम," मुकादम म्हणाले. "आणि खिडकी बंद झाली तर होणारही नाहीस."

"थांबा हो, दोन मिनिटं. आणि दुसरं, वायऱ्या. हे सगळं लिहून ठेवायचं. जसं झालं तसं. मी हरलो ते, आणि तुझं ते सहाव्या चालीचंही. गाळायचं नाही. उद्या माझ्या डोक्यात पुन्हा काही भलतंसलतं आलं तर मला वाचायला पाहिजे."

"मला कुठं लिहिता येतं? मी प्रोग्रॅम लिहितो."

"मग तसं लिही. एकेक ओळ. पण खिळा न टाकता."

पाचला दहा मिनिटं उरली होती, आणि ऑफिस अंगणाच्या पलीकडच्या टोकाला. वायऱ्यानं साबणाचा हात पँटला पुसला आणि पुढे केला.

"शब्द," तो म्हणाला. "सगळं लिहीन. आणि तुझ्यासमोर मी यापुढं कधी मुद्दाम हरणार नाही, डब्यालाही हरू देणार नाही. तू कितीही रडलास तरी."

गेजनं त्याचा हात दाबला, मुकादमांच्या हातातला कागद घेतला आणि धावत सुटला.